लेकराच्या 'नको'ची किंमत

(विहाराच्या वर्धापनदिनी पालक मेळाव्यात केलेले भाषण. बोललो तसेच, थोडे नीट करून लिहून दिले आहे.)



दरवर्षी या दिवशी आपण बाहेरून वक्ते बोलावतो. यंदा महिला मंडळाने सुचवले की शाळेत मुलांच्या अंगाला नको तसा हात लावला जातो, त्यावर कोणीतरी बोलावे. समितीत बरीच चर्चा झाली. कोणी म्हणाले, वर्धापनदिनाला हा विषय नको, लोक काय म्हणतील. कोणी म्हणाले, हा बायकांचा विषय आहे, त्यांच्या बैठकीत घ्या. मी म्हटलं, मुलं काय एकट्या बायकांची आहेत? तर अध्यक्ष म्हणाले, मग तुम्हीच बोला. असा मी इथे उभा राहिलो आहे.

मी काही शिकलेला माणूस नाही. शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि या विहाराच्या पायरीवर बसून. १९८८ साली बदली कामगार म्हणून गिरणीत लागलो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि साचे थांबले, ते आमच्या गिरणीत पुन्हा चालू झालेच नाहीत. तेव्हा भाषेत काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आता मूळ गोष्टीवर येतो. माझं शिक्षण कशानं सुटलं, असं कोणी विचारलं की मी आजवर एकच उत्तर देत आलो, गरिबी. ते अर्धं खरं आहे. आमच्या घरी गरिबी होतीच, पण माझ्या धाकट्या भावाला त्याच गरिबीत वडिलांनी मॅट्रिकपर्यंत नेलं. माझं सुटलं त्याला दुसरं कारण होतं. सातवीत असताना कवायतीचे एक मास्तर मला शाळा सुटल्यावर थांबवून घेत. सामान ठेवायच्या खोलीत नेऊन अंगाला हात लावत. याच्या पुढचं मी सांगणार नाही, त्याची गरजही नाही. मास्तर आता हयात नाहीत, शाळेचं नाव घेण्यातही अर्थ नाही. मी शाळा बुडवू लागलो. वडिलांना वाटलं, पोरगा टवाळ झाला. त्यांनी पट्ट्याने मारलं. मी म्हणालो, मला गणित येत नाही. गणित मला चांगलं येत होतं.

ही गोष्ट मी माझ्या बायकोलासुद्धा गेल्या महिन्यात सांगितली. ती इथे समोर बसली आहे. तिने विचारलं, इतकी वर्षं का बोलला नाहीत? मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. मग महिनाभर विचार केला. ते जे सापडलं तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट म्हणजे वडिलांपुढे मास्तरांविरुद्ध बोलणं मला शक्यच नव्हतं. आपल्या घरांत शिक्षणाची किंमत काय आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर बसत, पाणी प्यायचं तर शिपायाने वरून ओतायचं, हे आपल्या पोराला पाळण्यात असल्यापासून ऐकवलं जातं. त्यामुळे शाळा म्हणजे आपल्याला देवळाच्या ठिकाणी, आणि शिकवणारा माणूस म्हणजे चुकणारच नाही असा. माझे वडील मला शाळेत सोडताना मास्तरांना म्हणाले होते, "मास्तर, हाडं माझी, कातडं तुमचं." हे बोलणं तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकलं असेल. काहींनी म्हटलंही असेल. मारायची मोकळीक दिली एवढाच वडिलांना त्याचा अर्थ होता. पण अकरा-बारा वर्षांच्या पोरानं ते कसं ऐकलं? माझं कातडं मास्तरांना देऊन टाकलं, असं ऐकलं.

स्पर्श हा विषय आपल्याला नवा आहे का? आपल्याइतका स्पर्शाचा विचार या देशात दुसऱ्या कोणाला करावा लागला नसेल. माझे आजोबा गिरणीत सूतकताईच्या खात्यात होते. साचा खात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्या माणसाला घेत नसत. कारण असं, की धोट्यात नवी कांडी घातली की तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. आपल्या माणसाचं तोंड लागलेला धोटा बाकीचे कसे घेणार! म्हणजे अपमान झाला तो झालाच, वर पोटावर पाय आला. बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या संपांच्या वेळी ही गोष्ट कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडली. त्याच्या आधी २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं होतं.

तुम्ही म्हणाल, तो स्पर्श वेगळा आणि हा वेगळा. वेगळाच आहे, मी एक म्हणत नाही. पण एक धागा दोन्हींतून जातो. कोणी कोणाला शिवायचं हे कायम वरच्या माणसाने ठरवलं. पाणवठ्यावर शिवायचं नाही हे त्यानेच ठरवलं, आणि शेतात, वाड्यात आपल्या आयाबहिणींच्या अंगाला हात लावायचा हेही त्यानेच ठरवलं. त्या वेळी विटाळ कुठे गेला होता? ज्याच्या अंगाचा प्रश्न, त्याला कोणी विचारलंच नाही. आता हा माणूस मोठा, पगारदार, खुर्चीवरचा असतो आणि समोर आपलं लेकरू असतं. कधी कधी तो आपल्याच समाजाचा, आपल्याच घरातला असतो. हेही आज बोलूनच टाकू.

कारण सुरुवात घरात होते. पाहुणा येतो, आपण पोरीला म्हणतो, मामाला पापा दे. ती आईच्या मागे लपते. आपण हसतो, ओढून पुढे करतो, "लाजते मेली." पोरगा गुदगुल्यांनी रडकुंडीला येतो, नको नको म्हणतो, आणि सगळं घर हसतं. यात कोणाचा हेतू वाईट नसतो, हे मलाही कळतं. पण लेकरू काय शिकतं? आपण 'नको' म्हटलं तरी मोठी माणसं थांबत नाहीत, आणि आपलीच आई आपल्याला पुढे ढकलते. ज्याच्या 'नको'ला घरात किंमत नाही त्याने शाळेत जाऊन 'नको' म्हणावं, हे कसं व्हायचं?

शाळेत आता मुलांना 'गुड टच, बॅड टच' शिकवतात. चांगलं आहे. पण त्यात एक अडचण मला दिसते. लहान मुलाला वाटतं, वाईट स्पर्श म्हणजे दुखणारा स्पर्श, आणि तो करणारा माणूस म्हणजे सिनेमातल्या खलनायकासारखा. प्रत्यक्षात हे करणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीचा असतो, गोड बोलणारा असतो, गोळ्या-चॉकलेट देणारा असतो. दुखतही नाही. मग पोरगं गोंधळतं, की हा वाईट कसा? माझ्या मास्तरांनी मला दोनदा खडूची पेटी दिली होती. ती मी घेतली, म्हणून माझाच गुन्हा असं मला वाटत राहिलं. त्यापेक्षा मुलाला सोपं सांगावं. तुला जो हात नको आहे तो नको, कारण सांगायची गरज नाही. आणि कोणी म्हणालं की हे आपल्या दोघांतच ठेवायचं, घरी सांगायचं नाही, तर ते त्याच दिवशी घरी सांगायचं.

मग सगळाच स्पर्श वाईट का? डॉक्टर तपासतो, आई न्हाऊ घालते, बाई पडलेल्या पोराला उचलतात. आपल्या वस्तीत कबड्डी घराघरांत आहे, मुलींचेही संघ आहेत, तेव्हा मी कबड्डीचं उदाहरण देतो. चढाई करणाऱ्याचा पाय धरतात, कंबर धरतात, पाच-सहा जण अंगावर पडतात. त्यात कोणाला काही वाटत नाही. का? कारण खेळणारा स्वतःहून मैदानात उतरला आहे, कुठे धरायचं याचे नियम आहेत, पंच समोर उभा आहे, आणि शिट्टी वाजली की हात सुटतो. शिट्टीनंतरही जो हात सुटत नाही तो कबड्डीचा नाही. प्रशिक्षक खेळ शिकवताना हात धरील, ठीक आहे. तोच हात मैदानाबाहेर, चेंजिंग रूममध्ये, एकटं गाठून आला तर ते शिकवणं नाही.

आतापर्यंत मोठ्या माणसांबद्दल बोललो. शाळेतला रोजचा त्रास मात्र पुष्कळदा मुलांकडूनच मुलांना होतो. मागच्या बाकावरचा मुलगा पुढच्या मुलीच्या अंतर्वस्त्राची पट्टी ओढतो. जिन्यात गर्दीत हात लागतो. मुलगे मुलग्यांच्या चड्ड्या ओढतात आणि त्याला मस्करी म्हणतात. एखादी मैत्रीण सारखी गळ्यात पडते, दुसरीला ते आवडत नाही, पण मैत्री तुटेल म्हणून ती बोलत नाही. हे सगळे गुन्हे नाहीत आणि सगळ्यांना पोलीस लागत नाहीत. पण सगळ्यांना थांबवणारं कोणीतरी लागतं.

एक हकीकत सांगतो. मुलगी आपल्या वस्तीतली की बाहेरची, हे विचारू नका आणि घरी जाऊन अंदाजही करत बसू नका. अशा मुलाची ओळख उघड होऊ द्यायची नाही असा कायदा आहे, आणि आपल्या तोंडांना त्याची फार गरज आहे. तर ही मुलगी शाळेत जायला नाही म्हणू लागली. आईने विचारलं, मारलं, शेवटी रडून विचारलं, तेव्हा कळलं. वर्गातला एक मुलगा हेच पट्टी ओढण्याचं करत होता, रोज. आई वर्गशिक्षकांकडे गेली. उत्तर मिळालं, "मुलं आहेत, चालायचंच. मुलीला सांगा, लक्ष देऊ नकोस." आई माझ्याकडे आली. मी तिला गिरणीत शिकलेली एकच गोष्ट सांगितली. तोंडी तक्रारीला किंमत नाही. अर्ज लिहा, दोन प्रती काढा, एक द्या आणि दुसरीवर शिक्का मारून पोच घ्या. जॉबर तोंडावर "बघू" म्हणायचा, पण अर्जाची पोच दिली की त्यालाही खात्यात तोंड दाखवावं लागायचं. आम्ही दोघं मुख्याध्यापकांकडे गेलो. आधी त्यांनीही "शाळेचं नाव" वगैरे काढलं. पण पोच दिली. दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या आईबापाला बोलावलं.

बाप आला आणि सगळ्यांसमोर पोराच्या मुस्काटात दिली. मी मध्ये पडलो. म्हटलं, त्याला मारू नका, त्याला विचारा. पोरगा बराच वेळ बोलेना. मग म्हणाला, "मोठ्या वर्गातले दादा मुतारीत आमचं पण असंच करतात." खोलीत कोणी बोललं नाही. बापाचा हात खाली गेला. तो बाप मला नंतर बाहेर भेटला तर डोळे लाल झाले होते. त्या मुलाची जागा बदलली, मुलीची नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपण नेहमी जिला त्रास झाला तिलाच उचलून दुसरीकडे बसवतो. आणि मधल्या सुट्टीत मुतारीजवळ एक शिक्षक उभे राहू लागले. मुलगी आता शाळेत जाते.

मुलग्यांच्या आईबापांना म्हणून दोन शब्द. आपण पोरीला सतरा गोष्टी सांगतो, ओढणी नीट घे, एकटी जाऊ नको. पोराला काय सांगतो? दुसऱ्याच्या अंगाला न विचारता हात लावायचा नाही, समोरचा 'नको' म्हणाला की तिथेच थांबायचं, एवढं तरी सांगतो का? आपण तिसरं शील रोज घेतो. ते फक्त लग्नाच्या माणसांसाठी आहे असं समजून पोरांच्या डोक्यावरून जातं. आणि तुमच्याही पोराला त्रास होऊ शकतो. मी मुलगाच होतो.

आता कायद्याचं थोडक्यात. लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा, ज्याला सगळे पॉक्सो म्हणतात, तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालच्या मुलीला आणि मुलाला, दोघांनाही तो लागू आहे. लैंगिक हेतूने नुसता हात लावला तरी तीन ते पाच वर्षं शिक्षा आहे. शाळेतल्या कर्मचाऱ्याने लावला तर पाच ते सात वर्षं. ज्याला असा प्रकार कळला त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. मुख्याध्यापकाने, संस्थाचालकाने आपल्या माणसाचा गुन्हा लपवला तर त्याला वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे "शाळेचं नाव" हे कारण कायद्यात बसत नाही. मुलाला पोलीस ठाण्यात न्यावंच लागतं असंही नाही. जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, साध्या कपड्यांत. हे पुष्कळांना माहीत नसतं आणि पोलीस आपणहून सांगतीलच असं नाही. आपल्या समाजाच्या बाईच्या किंवा मुलीच्या अंगाला जात माहीत असून, संमतीशिवाय लैंगिक हेतूने हात लावला, तर ॲट्रॉसिटी कायद्यातही ते येतं. २०१५ च्या दुरुस्तीने ते स्पष्ट लिहिलं आहे.

कपड्यावरून हात लावला तर तो गुन्हा नाही, असं कोणी म्हणालं तर त्याला नागपूरचं प्रकरण सांगा. ते शाळेतलं नव्हतं, पण मुलगी बारा वर्षांची होती. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं, कपड्यावरून हात लावला, कातडीला कातडी लागली नाही, म्हणून पॉक्सोखालचा लैंगिक हल्ला होत नाही. देशभर आरडाओरडा झाला. १८ नोव्हेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि सांगितलं, हेतू पाहायचा, कपडा नाही. मी तो निकाल पेपरात दोनदा वाचला. मला माझं कातडं आठवलं.

ऑगस्ट २०२४ मधलं बदलापूर तुम्हाला आठवत असेल. शाळेतल्या दोन चिमुरड्यांचं प्रकरण. तक्रार घ्यायलाच उशीर लागला, त्यापायी पुढे पोलिसांवर निलंबनाची कारवाई झाली. २० ऑगस्टला लोक स्टेशनात रुळांवर उतरले, तासन्‌तास गाड्या बंद पडल्या. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. दुसऱ्याच दिवशी शासनाने शाळांत कॅमेरे, तक्रारपेटी, विद्यार्थी सुरक्षा समिती यांचा निर्णय काढला. 'सखी सावित्री' समिती नेमायला तर २०२२ सालीच सांगितलं होतं. आता तुम्ही पालकसभेला जाल तेव्हा विचारा, आमच्या शाळेत सखी सावित्री समिती कोणाकोणाची आहे? तक्रारपेटी कुठे आहे, आणि तिची चावी कोणाकडे असते? चावीचं जरूर विचारा. आमच्या गिरणीतही तक्रारपेटी होती आणि चावी खातेप्रमुखाच्या खिशात होती.

गेले काही रविवार आपण वंदनेनंतर मुलांचा सराव घेतो आहोत. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुलं दोन-दोन समोरासमोर उभी राहतात. एक हात पुढे करतो, दुसरा एक पाऊल मागे जाऊन मोठ्याने म्हणतो, "मला हात लावू नकोस, मला आवडत नाही." समोर मोठा माणूस असला तर "लावू नका". आदर ठेवा, पण आवाज मोठा ठेवा. पहिल्या रविवारी आवाजच निघेना. वंदना म्हणताना पत्रे हलवणारी ही पोरं, पण "नको" म्हणताना घशातल्या घशात. तिसऱ्या रविवारी एक सहा वर्षांची चिमुरडी अशी ओरडली की बाहेर चपला काढणारी माणसं धावत आत आली. सगळे हसले. मला मात्र हसता हसता भरून आलं.

आणि मुलांनो, हे नीट ऐका. कधी कधी आवाज निघत नाही. अंग दगडासारखं होतं. माझं तसं झालं होतं. तसं झालं तरी चूक तुमची नाही. त्या दिवशी नाही बोलता आलं तर दुसऱ्या दिवशी बोला, महिन्याने बोला. पहिल्या मोठ्या माणसाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा, तिसऱ्याला सांगा. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर आहे, कोणत्याही फोनवरून लागतो, पैसे पडत नाहीत.

आईबापांनो, पोरगं सांगेल तेव्हा पहिल्या दोन मिनिटांत काय करता त्यावर सगळं आहे. "तू तिथे गेलीसच कशाला?" हे एक वाक्य तोंडातून गेलं की पोर पुन्हा बोलत नाही. नुसतं म्हणा, बरं केलंस सांगितलंस. मग हवं तर बाहेर जाऊन रडा, भिंतीवर डोकं आपटा.

माझी नात पाच वर्षांची आहे. परवा मी बाहेरून आलो, तिला उचलायला वाकलो, तर दोन्ही हात पुढे करून म्हणाली, "नको आजोबा, तुम्हाला घाम आलाय." माझी सून ओरडली, आजोबांना असं बोलतात का? मी म्हटलं, बोलू दे. मोरीत गेलो, हातपाय धुतले, बाहेर येऊन जमिनीवर बसलो. पाच मिनिटांनी ती आपली आपण मांडीवर येऊन बसली.

आता कार्यक्रम संपल्यावर चहा आहे. त्यानंतर महिला मंडळाच्या दोन भगिनी आतल्या खोलीत बसणार आहेत, ज्या मुलांना किंवा आईबापांना काही बोलायचं असेल त्यांच्यासाठी. तिथे नाव लिहून घेतलं जाणार नाही. पुरुष मंडळींनी चहा घेऊन लगेच पळू नये, खुर्च्या उचलायच्या आहेत आणि मी बाहेर पायरीवर बसलेला असेन. कोणाला माझ्यासारखं जुनं काही सांगायचं असेल तर त्यांनीही यावं.

जयभीम.